आधी पाणी बघा

डिशवॉशरच्या अगदी बुडाशी, भांडी ठेवायच्या स्टीलच्या टाकीच्याही खाली, एक उथळ परात असते. त्या परातीत थर्मोकोलचा एक तुकडा पडलेला असतो. दुकानदार त्याच्याबद्दल बोलत नाही, माहितीपत्रकात त्याचा फोटो नसतो आणि यंत्र नीट चालत असेल तर दहा वर्षांत त्याचं काहीही काम पडत नाही. पण परातीत थोडंसं पाणी साचलं की हा तुकडा तरंगतो, त्याच्या वरचा छोटा स्विच दाबला जातो आणि चाळीस-पन्नास हजारांचं यंत्र असहकार पुकारतं. नळाचं पाणी आत घेणं बंद. सांडपाणी उपसणारा पंप मात्र घरघरत राहतो. बऱ्याच मॉडेलांत बटण बंद केलं तरी थांबत नाही. पडद्यावर अक्षर उमटतं : ई-१५. मग सोसायटीच्या ग्रुपवर प्रश्न पडतो, ‘चांगला डिशवॉशरवाला कुणाला माहीत आहे का?’

अशा घरी आलेला मुरलेला मेकॅनिक पहिल्या पाच मिनिटांत पेचकस बाहेर काढत नाही. “ताई, साबण कुठला घातला होता?” हा त्याचा पहिला प्रश्न असतो. उत्तर बरेचदा खालच्या आवाजात येतं. वड्या संपल्या होत्या, म्हणून एक चमचा भांडी घासायचं लिक्विड घातलं.

हाताने भांडी घासायच्या लिक्विडचं कौशल्य फेस करण्यात असतं. डिशवॉशरच्या पावडरचं कौशल्य फेस न करण्यात. टाकीच्या आत पंप पाणी जोराने फिरवत असतो. तिथे चमचाभर लिक्विड पडलं की काही मिनिटांत सगळी टाकी फेसाने गच्च भरते. फेस दाराच्या खालच्या फटीतून आणि हवा जायच्या वाटांमधून बाहेर सरकतो, परातीत उतरतो आणि तिथे त्याचं पाणी होतं. थर्मोकोल तरंगतो. शिवाय फेसात हवाच जास्त, त्यामुळे पंपाच्या पंख्याला ढकलायला पाणी सापडत नाही आणि भांडी धुतलीही जात नाहीत. यंत्रात काही म्हणजे काही बिघडलेलं नसतं. प्लग काढायचा, दोघांनी मिळून यंत्र ओट्याखालून बाहेर ओढायचं, खाली जुने टॉवेल अंथरायचे, यंत्र तिरकं करून परातीतलं पाणी काढायचं आणि आतला फेस गार पाणी ओतून पुन्हा पुन्हा उपसायचा. परात कोरडी झाली की अक्षर जातं. दोन दिवसांनी साबण बरोबर असतानाही ते परत आलं तर मात्र खरी गळती शोधायची : पाइपाचा जोड, पंपाचं सील, दाराचं रबर.

डिशवॉशरच्या दुरुस्तीबद्दल मला जे सांगायचं आहे ते या थर्मोकोलच्या तुकड्यात बरंचसं येऊन जातं. पडद्यावरचा कोड काय झालं ते सांगतो, का झालं ते सांगत नाही. बॉशच्या यंत्रात ई-१८ म्हणजे पाणी आत येत नाही, ई-२४ म्हणजे बाहेर जात नाही. एलजीच्या यंत्रात हीच तक्रार आयई आणि ओई या अक्षरांनी होते. इंटरनेटवरून कोडचा अर्थ काढून ‘पंप गेलाय, नवीन आणा’ असं फर्मावणाऱ्या गिऱ्हाइकांना मेकॅनिक मनातल्या मनात नमस्कार करतात. पाणी बाहेर न जाण्याची कारणं पंपात असतात तशी सिंकखालच्या नळीत असतात, आणि पाणी आत न येण्याचं कारण कधी कधी चक्क गच्चीवरच्या टाकीत असतं. घरात येणारं पाणी, घरातलं जेवण आणि घराचं प्लंबिंग या तिघांशी यंत्राचं न पटणं यालाच आपण पुष्कळदा ‘मशीन बिघडलं’ म्हणतो.

न पटण्याचं कारण या यंत्राच्या जन्मातच आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात शेल्बीव्हिल नावाचं गाव आहे. तिथल्या जोसेफिन कॉक्रेन या बाईंना २८ डिसेंबर १८८६ रोजी भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट मिळालं. त्यांच्या आधीही अशी यंत्रं करून पाहिली गेली होती. कॉक्रेनबाईंनी भांडी जागच्या जागी धरून ठेवली आणि त्यांच्यावर साबणाच्या गरम पाण्याचा मारा केला. त्यासाठी बशा, कप, सॉसर यांची मापं घेऊन तारांचे कप्पे वळवून घेतले. आजही तत्त्व तेच आहे. १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ही यंत्रं गाजली, हॉटेलांनी विकत घेतली. घरांनी घेतली नाहीत, कारण एवढं गरम पाणी तेव्हाच्या घरात नसायचं. त्यांची कंपनी पुढे होबार्टकडे गेली आणि किचनएड या नावाने घरगुती यंत्र बाजारात आलं ते १९४९मध्ये. युरोपात मीले या जर्मन कंपनीने १९२९मध्येच विजेवरचं यंत्र काढलं होतं. ही सगळी परंपरा पसरट बशांची आणि कमी तेलाची. नळाला चोवीस तास दाब असतो आणि पाण्यात किती क्षार आहेत ते नगरपालिका सांगते, असंही तिने धरून चाललेलं. वरण, कुकरचा डबा, बोअरचं पाणी आणि टँकर तिच्या हिशेबात नव्हते. हल्ली आपल्याकडच्या यंत्रांवर बॉशसारख्या कंपन्या ‘कढाई’ नावाचा ७० अंशांचा प्रोग्रॅम देतात, रॅकही खालीवर होतात. पण पाण्याचं काय?

आजचं यंत्र एका धुण्याला साधारण १० ते १२ लिटर पाणी घेतं. एका वेळी आत असतं फक्त तीन-चार लिटर. तेच पाणी पंप पुन्हा पुन्हा उचलतो, स्प्रे आर्म या फिरत्या दांडीच्या भोकांतून फेकतो, ते जाळीतून गाळून खाली येतं आणि परत वर जातं. स्प्रे आर्मला मोटर नसते. तिरक्या भोकांतून सुटणाऱ्या पाण्याच्या धक्क्यानेच तो फिरतो. बॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजलं तेव्हा युरोपातली माणसं बारा जणांची भांडी हाताने धुवायला सरासरी १०० लिटरच्या आसपास पाणी वापरत होती. हा आकडा आपल्याकडच्या जाहिराती आनंदाने वापरतात. टबात पाणी घेऊन भांडी विसळणाऱ्या, पाणी दिवसाआड येणाऱ्या गावातल्या बाईला तो लावण्यात अर्थ नाही. तरीही यंत्र काटकसरी आहेच आणि त्याच्या दुखण्यांचं मूळही या काटकसरीत आहे. इतक्या थोड्या पाण्यात क्षार, तेल, भाताची शितं, जे काही असेल ते पुन्हा पुन्हा फिरत राहतं.

तेव्हा आधी पाणी बघायचं.

पुण्याला खडकवासल्याचं, मुंबईला तानसा-भातसा-वैतरणेचं पाणी येतं. ते धरणात साठलेलं पावसाचं पाणी, मऊ. त्याच पुण्यात वाघोलीच्या किंवा उंड्रीच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअर आणि टँकर चालू होतात आणि बेसाल्टच्या भेगांमधून कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन आलेलं जड पाणी त्याच नळातून यायला लागतं. यंत्राला ऋतू कळत नाहीत. ते बसवताना जी सेटिंग लावली तीच चालू राहते आणि मार्च-एप्रिलमध्ये फोन सुरू होतात, ‘भांड्यांवर पांढरं येतंय.’

यंत्राच्या पोटात पाणी मऊ करणारा एक डबा असतो. त्यात राळेचे खसखशीएवढे मणी असतात. पाणी त्यांच्यामधून जाताना कॅल्शियम-मॅग्नेशियम मण्यांना चिकटतं आणि मणी बदल्यात सोडियम सोडतात. काही धुण्यांनंतर मण्यांची जागा भरते. मग यंत्र शेजारच्या कप्प्यातल्या मिठाचं दाट पाणी त्यांच्यावरून फिरवतं, क्षार सुटून गटारात जातात आणि मणी पुन्हा कामाला लागतात. मीठ भांड्यांना कधी लागतही नाही. ते फक्त या मण्यांसाठी. हे कुणी समजावून सांगत नाही म्हणून लोक मीठ भरणं सोडून देतात किंवा स्वयंपाकाचं बारीक आयोडीनयुक्त मीठ भरतात. बारीक मिठाचा गच्च गोळा होतो आणि ते मोकळं राहावं म्हणून घातलेली द्रव्यं डब्यात साचतात. लागतं ते शुद्ध, जाड मीठ. ते भरताना थोडं खाऱ्या पाण्यासकट टाकीत सांडतंच, म्हणून मीठ भरल्या भरल्या एक धुणं लावायचं. रात्रभर तसंच राहिलं तर स्टेनलेस म्हणवणाऱ्या टाकीलाही गंजाचे ठिपके पडतात. या कप्प्यात साबणाची पावडर ओतणारीही घरं आहेत. तिथे तो डबाच बदलावा लागतो.

जडपणाची सेटिंग बहुतेक यंत्रांत जर्मन अंशांवर बेतलेली असते. एक अंश म्हणजे लिटरमागे १७.८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटएवढा जडपणा. सर्वांत वरची पायरी ५० अंशांपर्यंत जाते, म्हणजे लिटरमागे जवळपास ९०० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. ते सुमारे ३४ अंश झाले. म्हणजे मानकात बसणारं पाणीसुद्धा यंत्राला वरच्या पायरीवर नेऊ शकतं. ‘सगळं एकात’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वड्या साधारण २१ अंशांपर्यंत पुरतात, त्यापुढे मिठाला पर्याय नाही. हा जडपणा मोजायला प्युरिफायर विकणाऱ्याची टीडीएसची पेन्सिल उपयोगाची नाही. ती सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजते, त्यात सोडियमही येतं, आणि सोडियमचं यंत्राला काही वाकडं नाही. जडपणाच्या वेगळ्या पट्ट्या मिळतात. त्यांनी एकदा पावसाळ्यात आणि एकदा मे महिन्यात पाणी बघावं.

पांढरं आलेल्या काचेच्या पेल्याची परीक्षा घरी होते. व्हिनेगर किंवा लिंबू चोळायचं. डाग गेला तर तो क्षार. मीठ भरा, सेटिंग वाढवा. नाही गेला तर काच झिजली आहे आणि हे उलट्या कारणाने होतं : पाणी गरजेपेक्षा मऊ, साबण जास्त, तापमान चढं. अशा पेल्यावर कुठलाही इलाज नाही. डाग दिसला की सेटिंग वाढवत नेणारे लोक धरणाच्या पाण्यावर हेच करून बसतात.

दाबाची गोष्ट आणखी मजेशीर आहे. बहुतेक यंत्रांना निदान अर्धा बार दाब लागतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब होतो सुमारे एक बार. गच्चीवरची टाकी आणि सर्वांत वरच्या मजल्याचा स्वयंपाकघरातला नळ यांत अंतर तीन-चार मीटर, म्हणजे दाब ०.३ ते ०.४ बार. त्यातून पाइपाची वळणं. टाकीच्या सर्वांत जवळ राहणाऱ्यालाच पाणी कमी पडतं. यंत्र आत आलेलं पाणी एका चिमुकल्या चक्रीने मोजतं; ठरलेल्या वेळात मोजमाप पुरं झालं नाही की ई-१८. नळ उघडला तर पाणी येतंय, बादलीही भरते, मग मशीनच खराब, असा घरच्यांचा निष्कर्ष. वरच्या मजल्यावर प्रेशर पंप लागतो, बस. दाब असूनही पाणी चढत नसेल तर इनलेट पाइपाच्या तोंडाची बोटभर जाळी काढून बघायची. सोसायटीची टाकी धुतली की दुसऱ्या दिवशी गाळ आणि गंज या जाळीत येऊन बसतो. एक मात्र ध्यानात ठेवायचं. ज्या पाइपाला नळाकडच्या टोकाशी प्लास्टिकचा जाड ठोकळा असतो तो पाइप लांब वाटतो म्हणून प्लंबरला कापू द्यायचा नाही. त्या ठोकळ्यात गळती झाल्यावर पाणी तोडणारा व्हॉल्व्ह असतो आणि बऱ्याच यंत्रांत पाइपाच्या आतून त्याच्यापर्यंत विजेची तार गेलेली असते.

बाहेर जाणाऱ्या पाण्याचे घोटाळे बहुतेक प्लंबरचेच. सिंकखालच्या नव्या बॉटल ट्रॅपला यंत्राचा पाइप लावायचं जे तोंड असतं ते आतून पातळ प्लास्टिकने बंद असतं. पाइप लावताना तो पडदा कापायचा राहिला तर कोऱ्या यंत्रावर पहिल्याच दिवशी ई-२४. उलट, कुणी पाइप सरळ जमिनीवरच्या नहाणी ट्रॅपमध्ये सोडून देतं. मग पंपाने एकदा पाणी ढकललं की सायफन लागतो, त्यानंतर आत आलेलं पाणीही आपोआप वाहून जातं आणि यंत्र पाणी भरतच राहतं. पाइप आधी गुडघ्याच्या वर उचलून, ओट्याच्या खालच्या बाजूला अडकवून, मगच खाली आणायचा. ज्या घरात पाइप ट्रॅपशिवाय सिंकच्या नळीत खुपसलेला असतो तिथे गटाराचा वास थेट धुतलेल्या भांड्यांना येतो, आणि झुरळांना हमरस्ता मिळतो.

यंत्राचं पोट साफ करणं हे घरच्यांनीच करायचं काम आहे आणि ते फारसं कुणी करत नाही. खालचा रॅक काढला की मध्ये गोल जाळी दिसते, फिरवली की सुटते. आपल्याकडच्या जाळीत जे निघतं त्यावरून घरचा स्वयंपाक सांगता येईल. कढीपत्त्याच्या काड्या, चहाची पावडर, ओल्या खोबऱ्याचा चव, लिंबाच्या बिया, मे महिन्यात आंब्याचे धागे. भात आणि डाळ आणखी वाईट. त्यांचा स्टार्च बारीक जाळीवर खळ होऊन बसतो आणि त्यातून पाणी खाली उतरत नाही. मोहरीचा दाणा या सगळ्यांत चिवट. मोठ्या जाळीची कड नीट बसली नसेल तर तो खालून निसटतो, पंपातून वर जातो आणि स्प्रे आर्मच्या भोकात नेमका अडकतो. दोन-चार भोकं बुजली की आर्म फिरायचा मंदावतो आणि वरच्या रॅकमधल्या वाट्या खरकट्या राहतात. आर्म काढायचा, कानाशी धरून हलवायचा, आत खुळखुळ वाजलं तर धारेखाली धरून झटकायचा आणि भोकं टूथपिकने मोकळी करायची. टूथपिकचं टोक आत मोडू द्यायचं नाही, नाहीतर पुढचा मुक्काम ड्रेन पंप.

यावर उपाय म्हणून भांडी आधी स्वच्छ विसळून यंत्रात लावणारी घरं बरीच आहेत. मग यंत्र घेतलं कशाला, हा सासूबाईंचा प्रश्न रास्त म्हणायला हवा. खरकटं ताटातून पुसून काढायचं. डाग राहू द्यायचा. साबणातली एन्झाइम्स प्रथिनं आणि स्टार्च तोडायलाच घातलेली असतात. ज्या यंत्रांत पाण्याचा गढूळपणा बघणारा सेन्सर असतो ती स्वच्छ भांडी बघून धुणं आटोपतं घेतात, आणि कोपऱ्यात दडलेली एकच चिकट कढई तशीच राहते.

पंपापर्यंत जायला बऱ्याच यंत्रांत मेकॅनिक लागत नाही. प्लग काढायचा, जाळी काढायची, तळाचं पाणी वाटीने आणि स्पंजने उपसायचं. खड्ड्याच्या एका बाजूला पंपाचं छोटं झाकण असतं, ते चमच्याच्या टोकाने उचकटतं. आत बोट घालण्यापूर्वी बॅटरीचा उजेड पाडावा, कारण तिथे सापडणाऱ्या वस्तूंमध्ये फुटक्या पेल्याच्या काचा असतात. पंपाचा पंखा बोटाने फिरवला तर तो सरळ फिरत नाही, अडखळत, हिसके देत फिरतो. हे बघून पंप जाम झाला असं ठरवून नवा मागवणारे पुष्कळ. वास्तविक त्या मोटरचा गाभा कायमचा लोहचुंबक आहे. तो दर अर्ध्या फेऱ्याला अडतो हाच त्याचा चांगलेपणा. सुळकन फिरला तर काळजी करावी. शिवाय ही मोटर सुरू होताना उजवीकडे फिरेल की डावीकडे हे ठरलेलं नसतं, म्हणून पंख्याची पाती सरळ ठेवलेली असतात. दोन्हीकडून पाणी ढकलतात.

दिवाळीच्या आठवड्यात तक्रारींचा रंग बदलतो. चकल्यांची कढई, लाडवाची तुपाने माखलेली परात. वनस्पती तूप गरम पाण्यात पातळ होऊन पाइपात जातं आणि गार होताच तिथे गोठतं. सत्तर अंशांचं रिकामं धुणं लावलं की वाट मोकळी होते. पण त्याच आठवड्यात ॲल्युमिनियमची कढई यंत्रात जाते आणि काळीठिक्कर होऊन बाहेर येते. साबण अल्कलीधर्मी असतो, तो ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर खातो. याला दुरुस्ती नाही, घासून थोडाफार उजाळा येतो इतकंच. बिडाचा तवा गंजतो, पितळ्या निस्तेज होतात, पोळपाट उकलतो. हळदीचे लालसर डाग बघून लोक घाबरतात. अल्कलीत हळद लाल होते हे कुंकू करणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. पांढऱ्या प्लास्टिकला लागलेली हळद यंत्राने जात नाही, उन्हात ठेवली की फिकी होते.

आणि एक तक्रार, जी ऐकून मेकॅनिक दारातूनच रॅककडे बघतो : ‘मशीन साबण सोडत नाही.’ वडीच्या कप्प्यासमोर मोठं ताट उभं केलेलं असतं, झाकण उघडायला जागाच नसते. या तक्रारीची सख्खी बहीण म्हणजे रॅकमधून खाली लोंबणारा झारा, ज्याच्यावर आपटून स्प्रे आर्म एका जागी उभा राहतो. दोन्ही वेळा व्हिजिटचे पैसे लागतात.

यापुढचं काम मल्टिमीटरचं. ते घरी करू नये. पाणी, सोळा अँपिअरचा प्लग आणि जमिनीला टेकलेले गुडघे हे एकत्र येणं बरं नव्हे. पण मेकॅनिक काय बघतो हे माहीत असलेलं बरं, कारण ‘बोर्ड गेला’ हे वाक्य दुरुस्तीतलं सर्वांत महाग वाक्य आहे. भांडी गार आणि ओली निघत असतील, वडी अर्धी उरत असेल, घड्याळ एकाच आकड्यावर अडकत असेल तर पाणी तापत नाही. दोन हजार वॉटच्या हीटरचा रोध २३० व्होल्टच्या हिशेबाने २६ ओहमच्या आसपास यायला हवा. मीटर अनंत दाखवत असेल तर हीटर तुटला. रोध ठीक असेल आणि तरी पाणी तापत नसेल तर तिथपर्यंत वीज पोचते का बघायचं. पोचत नसेल तर बरेचदा बोर्डवरच्या रिलेचा टाका सुटलेला असतो, ज्याला बाजारात ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. तो थेंबभर कथलाने पुन्हा जोडता येतो. कंपनीचा माणूस जोडत नाही, पूर्ण बोर्ड बदलतो. त्याला तसाच आदेश असतो आणि त्याच्या हातात वेळ अर्ध्या तासाचा. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. इनलेट व्हॉल्व्हची कॉइल तीन-चार हजार ओहम दाखवते, ड्रेन पंपाची काही शे. हे आकडे विचारणारं गिऱ्हाईक दिसलं की बोलण्याचा सूर बदलतो.

बोर्ड खरोखर जातात त्यांत झुरळांचा वाटा मोठा आहे. दाराच्या आत ऊब, ओल आणि अंधार एकत्र मिळतो. झुरळ बोर्डवरच्या दोन टाक्यांच्या मध्ये येतं, ठिणगी पडते, तेही जातं आणि बोर्डही. पावसाळ्यात वीज जाऊन येताना व्होल्टेज उसळलं तर बोर्डवरचा एक गोल चकतीसारखा भाग स्वतः जळून बाकीच्यांना वाचवतो; तो दहा-वीस रुपयांचा असतो. एखादा जुना टीव्ही दुरुस्त करणारा गाठता आला तर हे काम तो करतो.

सुट्या भागांची बाजू लंगडी आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत मिक्सरचं कपलर, गिझरची कॉइल, वॉशिंग मशीनचा पट्टा मिळून जातो. डिशवॉशर अजून तेवढ्या घरांत नाही, त्यामुळे त्याचे भाग कंपनीच्या साखळीबाहेर सहज हाती लागत नाहीत. २०२०च्या टाळेबंदीत कामाच्या बायका येणं बंद झालं तेव्हा घाईघाईने घेतलेली यंत्रं आता वयात आली आहेत आणि त्यांचे पंप, दाराच्या दोऱ्या, रबरं एकदम मागणीला लागली आहेत. युरोपीय संघात १ मार्च २०२१पासून नियम आहे : मॉडेलचं शेवटचं यंत्र बाजारात आल्यानंतर मोटर, पंप, हीटर, सर्किट बोर्ड हे व्यावसायिक मेकॅनिकांना ७ वर्षं, आणि स्प्रे आर्म, जाळ्या, रबरं, रॅक, बिजागऱ्या हे ग्राहकालासुद्धा १० वर्षं मिळाले पाहिजेत, तेही कामाच्या १५ दिवसांत. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ला पोर्टल सुरू केलं. घरगुती उपकरणं त्यात आहेत, पण कंपन्यांनी दिलेली माहिती आणि सेवाकेंद्रांचे पत्ते यापलीकडे त्याचा हात पोचत नाही. भाग अमुक वर्षं मिळालेच पाहिजेत असं बंधन त्यातून येत नाही. हमीच्या काळात टाळाटाळ झाली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. हमी संपल्यानंतर मात्र मेकॅनिकची डायरी आणि त्याची ओळख हेच पोर्टल.

त्या डायरीतली एक युक्ती सांगण्यासारखी आहे. यंत्रावर नाव कुणाचंही असो, आतला पंप बहुधा दुसऱ्याच कंपनीचा असतो. इटलीच्या अस्कोलचे ड्रेन पंप अनेक ब्रँडांत बसतात. चीनची मायडिया कितीतरी नावांसाठी अख्खी यंत्रं बनवते. म्हणून मेकॅनिक आधी पंप काढतो आणि त्याच्या लेबलवरचा नंबर वाचतो. त्या नंबराने शोधलं तर तोच पंप निम्म्याहून कमी किमतीत सापडू शकतो.

कधी सोडून द्यायचं, याचंही मेकॅनिकांचं गणित पक्कं असतं. बोर्ड मिळत नाही, किंवा टाकीच्या तळालाच गंजाने भोक पडलंय, किंवा पंप आणि हीटर एकत्र असलेला भाग जाऊन वर पाणी मऊ करणारा डबाही तडकलाय, तर ते पुढे जात नाहीत. अशा वेळी भंगारवाल्याला बोलावण्याआधी अर्धा तास खर्च करावा. दोन्ही स्प्रे आर्म, रॅक आणि त्यांची चाकं, जाळीचे तिन्ही भाग, दाराच्या स्प्रिंगा, ड्रेन पंप आणि त्याचं झाकण काढून पिशवीत भरावं, पिशवीवर मॉडेल नंबर लिहावा आणि ती मेकॅनिकला द्यावी. त्याच्या डायरीत त्याच मॉडेलच्या चाकाची वाट बघणारं कुणीतरी असतं.